काकणांच्या वर बांधलेली पट्टी

मित्रांनो, सांगलीतल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत, पाय मोडलेल्या स्टुलाखाली, दोन लाकडी पेट्या ठेवलेल्या आहेत. त्या दोन पेट्या मिळून मी एक. कुणी मला फोटोचा कॅमेरा समजतो, कुणी बाजाची पेटी. मी माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांचे चित्र काढणारे यंत्र आहे. खरे तर 'काढणारे' असे आता माझे मलाच म्हणवत नाही. मी दमलो आहे. तरी तुम्ही ऐकणार असाल, तर सांगतो.

माझा जन्म विलायतेतला. माझ्या पोटात चुंबकाच्या दोन टोकांमध्ये एक धागा ताणलेला असे. तो करण्याची रीत गमतीची होती. स्फटिक वितळवायचा, त्याचे टोक एका बाणाला चिकटवायचे आणि बाण सोडायचा. बाणामागून जो तंतू ओढला जाई, तो माझा धागा. केसाहून कितीतरी बारीक. त्यावर चांदीचा मुलामा. हृदय ठोका देते तेव्हा अंगातून अगदी क्षीण वीज वाहते. ती माझ्यात आली की धागा थरथरे, त्याची सावली सरकत्या फोटोच्या कागदावर पडे, आणि कागद धुतला की ठोक्यांची रेघ उमटलेली दिसे.

ही वीज घ्यायची तर रोग्याच्या दोन्ही मनगटांना आणि डाव्या घोट्याला मिठाच्या पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळायचे आणि त्यावर धातूची पट्टी बांधायची. मनगटालाच बांधायची, कारण माझ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत तसे छापलेले होते.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास डॉक्टर बाहुबली मगदूम यांनी मला मुंबईहून आणले. ते सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्याचे चिरंजीव. मुंबईला शिकलेले, आणि कामात फार काटेकोर. सगळे आलेख एकाच रीतीने काढले तरच ते एकमेकांशी ताडून पाहता येतात, असे ते आपल्या कंपाउंडरला, जोतीरामला, वारंवार सांगत. जोतीराम मान हलवी आणि माझ्या पेट्या खांद्यावर घेई.

"डाक्तर, ह्याच्या पोटात धागा न्हाई, जातं बसवलंय," असे तो म्हणे.

पहिली काही वर्षे माझे कौतुक झाले. लांबून लोक मला पाहायला येत. मग आष्ट्याजवळच्या एका गावचे नाथाजी आले आणि माझे खरे काम सुरू झाले.

नाथाजींचा मुलगा हंबीरराव पैलवान होता. कुस्ती चालू असताना, प्रतिस्पर्ध्याने डाव टाकायच्या आधीच, तो आखाड्यात कोसळला होता. गावात कुणाला त्याची नाडी वाईट वाटत नव्हती. उलट तिचा अभिमान होता. हळू नाडी म्हणजे दमाचा गडी, असे तिकडच्या तालमीत मानत.

"बैलावानी नाडी हाय पोराची," नाथाजी डॉक्टरांना म्हणाले. "माजी बी तशीच हाय. माज्या बाची तशीच हुती. मोट हाकता हाकता गेला बघा, आजार न्हाई, पडणं न्हाई."

डॉक्टरांनी नाडीवरची बोटे उचलली नाहीत. मग त्यांनी बाप-लेक दोघांनाही माझ्या पट्ट्या बांधल्या.

त्यांच्या आलेखात काय दिसले, ते सोपे करून सांगतो. मोटेवरचा माणूस पाणी सोडतो आणि हाक देतो. खाली वाफ्यात दुसरा माणूस ती हाक ऐकून दारे मोडतो, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात वळवतो. हृदयातही असेच आहे. वरचे कप्पे हाक देतात, खालचे कप्पे ती ऐकून ठोका देतात. माझ्या कागदावर हाकेची लहानशी टेकडी दिसते आणि जबाबाचे उंच टोक. नाथाजींच्या आणि हंबीररावांच्या कागदावर टेकड्या वेळच्या वेळी येत होत्या, पण टोके त्यांच्याशी मेळ न ठेवता, आपल्या मर्जीने, सावकाश येत होती. वाट मध्येच बंद झाली होती. हाक खाली पोचत नव्हती.

हंबीररावांची कुस्ती बंद झाली. आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्यांत एकच दोष आहे, हे पाहून डॉक्टरांना त्या घराण्याचा शोध घ्यावासा वाटला. तिथून माझी वणवण सुरू झाली. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार कृष्णेच्या पुलापलीकडे धापा टाकीत जाई आणि मध्येच बंद पडे. मग बैलगाडी. धक्क्याधक्क्याला माझा धागा जीव मुठीत धरून असे. बेचाळीसच्या धामधुमीनंतर तर प्रत्येक नाक्यावर मला उघडून दाखवावे लागे. पोलिसांना मी बिनतारी यंत्र वाटे.

"ह्यातनं बातमी येती की," जोतीराम त्यांना सांगे, "पण निस्ती काळजाची."

घराण्यातले पुरुष तपासून झाले. पुतणे, चुलत भाऊ, आत्याचे मुलगे. आता नाथाजींच्या दोन मुली राहिल्या होत्या. थोरली राहीबाई गावातच दिलेली होती. तिचा नवरा पलटणीत होता आणि पलटण समुद्रापार लढत होती. डॉक्टरांनी तिला चौरंगावर बसवले, फडके भिजवले आणि सांगितले, "मनगटातल्या बांगड्या तेवढ्या उतरवाव्या लागतील."

तिची आई रंगूबाई पुढे आली. "काय म्हणला?"

"पट्टी कातडीला लागायला हवी, मावशी. थोडाच वेळ."

"नवरा लढाईवर हाय अन् पोरीची काकणं उतरवू? आवं, तुमच्या घरात बायामाणसं हाईत का न्हाईत?"

डॉक्टर त्याच मुलखातले होते. त्यांना जास्त सांगावे लागले नाही. बांगड्या केव्हा उतरतात, हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांनी राहीबाईची नाडी बोटांनी पाहिली. ती ठीक लागली. पण दोष कोवळा असताना नाडी ठीकच लागते. तेव्हा फक्त हाक आणि जबाब यांतले अंतर लांबलेले असते, आणि ते माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही. धाकटी बनुबाई तर आईचे बोलणे ऐकून माजघरातून बाहेरच आली नाही. इतर घरांतही तेच झाले. एकीनेही बांगड्या उतरवल्या नाहीत.

डॉक्टरांनी वंशावळ काढली. ज्या पुरुषांत दोष होता त्यांची चौकोनी घरे काळी केली. बायकांची गोल घरे पांढरीच राहिली. ती न तपासल्यामुळे पांढरी होती. पण रोज रोज पाहून डॉक्टरांना ती निरोगी असल्यासारखी दिसू लागली. एक दिवस ते नाथाजींना म्हणाले, "हे पुरुषांकडून पुरुषांकडे जाते. मुलींची काळजी करू नका."

मी तिथेच होतो, पण मला कागदाशिवाय बोलता येत नाही.

पुढच्या वर्षी राहीबाई नदीवर धुणे धुताना गेली. पाय घसरला असेल, असे सगळे म्हणाले. पाणी तर गुडघाभरच होते.

पंचेचाळीस साली नाथाजींचे धाकटे भाऊ लालासाहेब पलटणीतून घरी आले. इटलीत त्यांचा उजवा हात कोपराखाली तुटला होता. डॉक्टर मला घेऊन आले. पट्ट्या काढल्या आणि तिथेच थबकले.

"काय झालं?" लालासाहेब म्हणाले. "मनगट पायजे? ते तिकडं राहिलंय गड्या. पत्र धाडून मागवू का?"

नाथाजी हसले. जोतीरामही हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पट्टी कोपराच्या वर दंडाला बांधली आणि आलेख घेतला. मग त्यांना शंका आली. डाव्या हाताची पट्टी एकदा मनगटाला, एकदा दंडाला अशी बांधून त्यांनी पुन्हा आलेख घेतले. जोतीरामने कडब्याच्या अंधाऱ्या खोलीत कागद धुतले. ओले कागद शेजारी शेजारी धरले, तर त्यांत काही फरक नव्हता. टेकडीला टेकडी, टोकाला टोक. विजेच्या दृष्टीने हात म्हणजे नुसती तार. ती तार मनगटाशी पकडा नाहीतर दंडाशी, निरोप तोच मिळतो.

लालासाहेबांचे हृदय उत्तम होते. पण डॉक्टर त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते खाली बसले.

"जोतीराम," ते म्हणाले, "काकणांच्या वर बांधता आली असती."

 जोतीरामने कागद दोरीवर वाळत घातले.

बनुबाई तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा महिना चालू होता. तिला दोन वेळा घेरी आली होती, आणि पोटुशीला घेरी यायचीच, असे म्हणून रंगूबाईने ते सोडून दिले होते. डॉक्टरांनी तिचा आलेख मागितला, तेव्हा रंगूबाई दारात आडवी उभी राहिली.

"तुमीच म्हणला हुता, पोरींस्नी काय न्हाई. माजी एक पोर गेली. आता हिला काय बांधायचं न्हाई."

"मी म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा मी राहीबाईंना तपासलंच नव्हतं. न तपासता बोललो."

रंगूबाई जागची हलली नाही. तिच्यामागून बनुबाईचा आवाज आला. "काकणांच्या वर बांधताय न्हवं?"

"वरच."

"मग बांधा. आई, सर जरा बाजूला."

हिरव्या बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात तिने पुढे केले. डॉक्टरांनी दंडाला पट्ट्या बांधल्या. एकही काकण हलले नाही. कागद धुतल्यावर दिसले, की हाकेपासून जबाबापर्यंतचे अंतर फार लांबले आहे आणि मधूनमधून एखादी हाक विनाजबाब जाते.

आता प्रश्न उरला बाळंतपणाचा. पहिले बाळंतपण माहेरी, गावच्या सुइणीच्या हातून व्हायचे, अशी रीत. डॉक्टर म्हणाले, कळांच्या वेळी ही वाट पुरती बंद पडू शकते. तिला सांगलीला दवाखान्यात आणा, असे त्यांनी सांगितले. नाथाजींना ते पटेना. पहिलटकरीण दवाखान्यात घातली तर व्याही काय म्हणतील, याचीच त्यांना धास्ती.

"व्याह्याला मी सांगतो," लालासाहेब म्हणाले. "लंगडा-लुळा माणूस बोलला की लोक जरा ऐकत्यात. गाडी जुपा."

तो दिवस मला विसरता येत नाही. सकाळपासून मी दवाखान्यात बनुबाईच्या खाटेशी होतो. फोटोचा कागद युद्धात मिळेनासा झाला होता. म्हणून डॉक्टर तो चालवत नव्हते, जोतीराम काचेवरची माझी सावली नुसती पाहत होता. दुपारी कळा वाढल्या. आणि सावलीत उंच टोके यायची थांबली. लहान टेकड्या तेवढ्या येत राहिल्या.

"डाक्तर," जोतीराम म्हणाला, "वरचा हाका मारतोय. खालचा गप हाय."

बनुबाईची मान कलली. थांबलेल्या ठोक्याला धक्का द्यायला डॉक्टरांनी तिच्या छातीवर मूठ आपटली.

"आवं, मारता का काय माज्या लेकीला," म्हणत रंगूबाईने त्यांचा सदरा धरला. त्यांनी पुन्हा मूठ आपटली. माझा धागा जोरात हलला. एक टोक आले. खूप वेळाने दुसरे. मग डॉक्टरांनी सुई टोचली आणि टोके येत राहिली, सावकाश, पण येत राहिली. रंगूबाईच्या हातातला सदरा सुटला. दिवस मावळण्याआधी मुलगी झाली. आई आणि लेक दोघीही जगल्या.

बाराव्या दिवसानंतर, घरी निघण्याआधी, बनुबाईने बाळाला माझ्यासमोर ठेवले. "हिचं बी बगा."

पट्ट्या बाळाच्या हाताला फार मोठ्या होत्या. डॉक्टरांनी चहाच्या डब्याचा पत्रा कापून लहान पट्ट्या केल्या. आलेख चांगला आला.

"आज ठीक आहे," ते म्हणाले. "पुढचं मला सांगता येत नाही. हा दोष मोठेपणीही उगवतो."

"मग दरसाल आणीन," बनुबाई म्हणाली.

आणि ती आणत राहिली. मुलीचे नाव अनशी. ऊस तोडून झाला की मायलेकी येत. वंशावळीतल्या अनशीच्या गोल घराखाली डॉक्टर त्या सालापुढे 'ठीक' एवढेच लिहीत. बनुबाईच्या स्वतःच्या आलेखात अंतर वाढत होते. ती गोळ्या घेई, विहिरीवर आणि नदीवर एकटी जात नसे.

या वर्षी त्या येण्याआधी पेटी हलवताना माझा धागा तुटला. कुणाचा दोष नाही. तो थकला होता. विलायतेला पत्र गेले. उत्तर आले, की ह्या जातीची यंत्रे आता होत नाहीत, धागेही होत नाहीत. पुण्या-मुंबईला शाईने लिहिणारी नवी यंत्रे आली आहेत, असे ऐकतो. सांगलीला कधी येतील ते माहीत नाही.

अनशी आली तेव्हा मी अजून बाहेरच्या मेजावर होतो. सवयीने ती स्टुलावर चढली, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात पुढे करून बसली. जोतीराम फडके भिजवायला उठला आणि परत बसला.

"यंत्र मोडलंय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी अनशीची नाडी पाहिली. ती ठीक लागली.

"मग ठीक लिवा की," बनुबाईबरोबर आलेले नाथाजी म्हणाले. "नाडी चांगली हाय म्हणताय."

डॉक्टरांनी टाक उचलला. बनुबाईने वंशावळीवर हात ठेवला.

"आबा, बगितलं न्हाई ते लिवायचं न्हाई. मोकळं ऱ्हाऊ द्या. मी हिला पुण्याला नेती."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. अनशी हात पुढे करून बसलीच होती. आईने तिच्या बाह्या खाली ओढल्या आणि तिला स्टुलावरून उतरवले.

मित्रांनो, माझी डागडुजी आता होणार नाही, आणि ती मी मागतही नाही. मागणे एकच आहे. तुम्ही शिकाल, कुणी डॉक्टर व्हाल, कुणी दुसरे काही मोजाल. ज्याला तपासले नाही, त्याला बरा म्हणू नका. जागा मोकळी ठेवा. आणि ती मोकळी आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर गाडी जुपून त्या माणसाकडे जा.