कवडशातले सोने

मी एक जुना रंधा आहे. हातात धरून लाकडावर ढकलायचा तो रंधा नव्हे, मित्रांनो; तो माझा आजोबा. मी विजेवर फिरणारा, बिडाच्या अंगाचा, चौघांनी जोर लावला तरी जागचा न हलणारा. सध्या माझा मुक्काम कात्रजला नियाजच्या कारखान्यात, एका कोपऱ्यात आहे. अंगावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर रंगाचे रिकामे डबे. म्हाताऱ्या माणसाच्या खुर्चीवर घरातले लोक धुतलेले कपडे टाकतात ना, त्यातलाच प्रकार. माझी तक्रार नाही. पण परवा नियाजने नवे यंत्र आणले आणि त्याची धूळ ओढायला काय बसवावे याची बोलणी माझ्या कानांवर पडली. तेव्हापासून मला रझियाभाभींची फार आठवण येते आहे. म्हणून तुम्हाला माझी हकीकत सांगतो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका ओतशाळेत झाला. तापलेले बीड साच्यात ओतले, निवल्यावर घासूनपुसून मला उभे केले आणि पोटात धारदार पात्यांचा रूळ बसवला. पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पुण्याला जिकडेतिकडे नवी दारे, नव्या खिडक्या हव्या होत्या. त्या दिवसांत शनिवार पेठेतल्या शमशुद्दीन मिस्त्रींनी मला मागवले. नदीकडे उतरणाऱ्या बोळात त्यांचा कारखाना होता. पुढे पत्र्याची शेड, मागे राहते घर, मध्ये चिमूटभर अंगण. मला बैलगाडीतून उतरवले त्या दिवशी मिस्त्रींच्या पत्नीने, म्हणजे रझियाभाभींनी, बोळातल्या प्रत्येक घरी साखर वाटली. एखादे बाळ घरी आल्यावर वाटतात तशी.

मीही कामाला वाघ होतो. खडबडीत सागवानी फळी एका बाजूने आत जायची आणि दुसऱ्या बाजूने गुळगुळीत होऊन बाहेर यायची. मिस्त्री तिच्यावरून तळवा फिरवत आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "आरसा केलास रे, बाबा!" त्या थापेची ऊब मला अजून जाणवते.

फळी आरशासारखी होई, पण तिचे सोललेले अंग माझ्या पायाशी साचे. तोच भुसा. मित्रांनो, तुमच्या घरी गॅस आहे, तुम्हाला भुशाची शेगडी माहीत नसेल. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, तिच्याभोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद उपसून घ्यायची. त्या भोकातून जाळ लावला की शेगडी कितीतरी वेळ जळत राही. रॉकेलला रांगा लागत त्या काळी भुशाला गिऱ्हाईक होते. पण आमच्याकडे भुसा विकायचा नाही, हा रझियाभाभींचा कायदा. संध्याकाळी त्या पोती भरून ठेवत आणि बोळातल्या बायका घेऊन जात. त्यांत मथुराबाई पहिल्या. त्या एकट्याच असत आणि कॉलेजच्या मुलांना जेवायला घालून पोट भरत.

"भाभी, माझी पोरं तुमच्या भुशावर जेवतात हो," मथुराबाई म्हणत.

"तुमची शेगडी पेटली की मला दुवा मिळते," भाभी म्हणत. त्यांना ते खरेच वाटे.

भाभी दिवसभर माझ्या शेजारी बसून दारांना पॉलिशपेपर घासत. पुढे शाळेच्या बाकांचे मोठे काम आले. मी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत फिरू लागलो आणि भाभींना खोकला लागला. आधी नुसती उबळ यायची. मग पाण्याची घागर उचलताना धाप लागू लागली. मग नमाज पढतानाही मध्ये थांबावे लागे. मिस्त्रींचे लक्ष कामावरून उडाले. एकदा फळी माझ्यात तिरकी घातली त्यांनी, असे कधी होत नसे. त्याच दिवशी त्यांनी धुळीचा बंदोबस्त करायचे ठरवले आणि पंखे बनवणाऱ्या दिगंबरपंतांना बोलावून घेतले.

दिगंबरपंत कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. आल्या आल्या म्हणाले, "मिस्त्री, तुम्हाला पंखा बसवायचाय की धूळ घालवायचीय? दोन्ही एकच समजू नका."

त्यांनी मला सुरू करायला लावले, दोन-तीन फळ्या सोडल्या आणि बंद केले. ढलप्या माझ्या पायाशी निमूट पडल्या. मग त्यांनी वर बोट दाखवले. पत्र्याला एक भोक होते, त्यातून उन्हाचा कवडसा तिरका उतरला होता. त्या कवडशात बारीक भुकटी अजून तरंगत होती, खाली बसायचे नावच घेत नव्हती.

"ढलप्यांचं भय नाही. त्या पडतात, आपण झाडतो," दिगंबरपंत म्हणाले. "ही पडत नाही. ही छातीत जाते."

"किती सुरेख दिसतंय," भाभी म्हणाल्या. "सोनं उडतंय जसं काही."

"सोनं गळ्यात बाहेरून घालतात, वहिनी. आतून नाही."

मग त्यांनी समजावून सांगितले. माझ्या तोंडापासून रुंद पाइप न्यायचा, जवळच्या वाटेने, वळणे न घालता, कारण प्रत्येक वळणावर पंख्याचा दम जातो. पिशवी भली मोठी हवी, जाड आणि घट्ट विणीच्या कापडाची. आणि पंखा, पिशवी सगळे भिंतीपलीकडे, अंगणात ठेवायचे.

"अंगणात?" भाभींचा चेहरा उतरला. "पाऊस तोंडावर आलाय. भुसा भिजेल सगळा. मागच्या पावसात भिजला, तर मथुराबाईंची शेगडी नुसती धुमसत राहिली. पोरं उपाशी गेली कॉलेजात."

"मग वर पत्रा टाका."

मिस्त्री अंगणाकडे बघून म्हणाले, "तिथं बाकांचा माल वाळत घातलाय, पंत. तूर्त आतच बसवा. पावसाळा सरला की बाहेर काढू. मग बघू."

आत मोठ्या पिशवीला जागा नव्हती. लहान पिशवी जाड कापडाची केली तर ती लगेच गुदमरे आणि पंख्याची ओढ मरे. म्हणून भाभींनी स्वतः मांजरपाटाची पिशवी शिवली, सैल विणीची. दिगंबरपंतांनी ती बोटांत चोळून पाहिली. "ही आत टांगलीत तर धूळ धरणार नाही, घरभर वाटत सुटेल. सांगायचं काम मी केलं," ते म्हणाले, आणि पंखा बसवून गेले.

मित्रांनो, माझे पाय पहिल्यांदा स्वच्छ दिसले. येणारे-जाणारे थांबून कौतुक करत. रोज संध्याकाळी पोते गच्च भरे, भुसा कोरडा ठणठणीत. भाभी तोंडाला पदर बांधून पिशवीला चापट्या मारत, म्हणजे कापडाला चिकटलेला भुसा खाली पडे. मथुराबाईंची शेगडी भर पावसात पेटली. सगळे खूश होते. भरलेले पोते दिसत होते ना! कवडशात आता पूर्वीपेक्षा दाट सोने उडत होते, पण तिकडे कोण बघणार? मी बघत होतो. माझ्या तोंडात पाती होती, शब्द नव्हते.

पावसाळा सरला. दिवाळीची कामे आली, मग लग्नसराईची कपाटे आली. अंगणातला माल एक हलला की दुसरा येई. "मग बघू" हे शब्द तसेच भिंतीला टेकून उभे राहिले. भाभींची धाप वाढली, तेव्हा डॉक्टरांनी घरी येऊन तपासले.

"यांना धुळीपासून लांब ठेवा," ते म्हणाले.

"धूळ?" मिस्त्रींना नवल वाटले. त्यांनी डॉक्टरांना शेडमध्ये आणून भरलेले पोते दाखवले. "धूळ आता राहिलीच नाही, डॉक्टरसाहेब. हे बघा, सगळी इथं जमा होते."

एखादा माणूस इतक्या खरेपणाने इतका चुकू शकतो, हे मी तेव्हा पाहिले. बायकोवर त्यांचा जीव होता. तिच्याचसाठी तर पंखा आणला होता.

रझियाभाभी थंडीत गेल्या. त्या सकाळी कुणी माझे बटण दाबले नाही. बोळातल्या कुठल्याच घरात त्या दिवशी भुशाची शेगडी पेटली नाही. दुसऱ्या दिवशी मथुराबाई पिठले-भाकरी घेऊन आल्या. मिस्त्रींसमोर ताट ठेवून त्या उभ्याच राहिल्या.

"माझ्या शेगडीपायी हो, मिस्त्री," एवढेच त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड खुपसून रडू लागल्या.

मिस्त्री म्हणाले, "तिनं तुम्हाला आनंदानं दिलं, मथुराबाई. तुमचा दोष नाही. पावसाळा सरल्यावर मी उठलो नाही."

काही दिवसांनी मिस्त्रींनी छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीला भोक पाडले. अंगणातला माल बोळात काढून ठेवला. चार बल्ल्या पुरून वर पत्रा टाकला, पाइप सरळ बाहेर नेला आणि घट्ट विणीची मोठी पिशवी टांगली. सकाळी हात घातला तो जेवणवेळेला सगळे उरकले होते. एवढेसे काम होते ते, मित्रांनो. एवढेसेच.

दिगंबरपंत शिडी धरून उभे होते. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकही टोमणा निघाला नाही. त्यांनी मला सुरू केले, फळ्या सोडल्या, बंद केले. मग दोघांनी कवडशाकडे पाहिले. त्यात काही नव्हते, नुसते ऊन होते. मिस्त्रींनी त्या उन्हात हात धरला, तळवा उलटसुलट केला.

"रझिया, बघ," ते म्हणाले. "आता काही उडत नाही." आणि माझ्या अंगावर डोके टेकून ते लहान मुलासारखे रडले. माझे थंड बीड त्यांना काय धीर देणार होते? पण मला फार द्यावासा वाटला.

पुढे मिस्त्रीही गेले. पेठेतला कारखाना उठला आणि हे सगळे लहानपणी पाहिलेला त्यांचा मुलगा नियाज मला कात्रजला घेऊन आला. माझी पाती झिजली, पट्टा तुटला, मी कोपऱ्यात गेलो. जगाची रीतच आहे ती.

परवा धूळ ओढणारे यंत्र विकायला माणूस आला. मोटर केवढी, पिशवी केवढी, तो भराभर सांगत होता. नियाज म्हणाला, "आधी आमच्या मशीनवर चालवून दाखवा. मग दिवे बंद करा." दिवे गेल्यावर त्याने दार किलकिले केले. उन्हाची एक तिरीप आत आली आणि नियाज बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. तो माणूस बुचकळ्यात पडला. दोन पिशव्या नियाजने नापसंत केल्या. तिसरी, घट्ट विणीची, घेतली आणि बसवायची जागा भिंतीबाहेर दाखवली.

"साहेब, बाहेर शेड नाही तुमची," तो माणूस म्हणाला. "पावसाळ्यानंतर येऊन बसवू का?"

नियाजने माझ्या ताडपत्रीकडे एकदा पाहिले. "पावसाळ्यानंतर नाही," तो म्हणाला. "आजच. पत्रा मी आणतो."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी खोकत असेल आणि तुम्हाला त्या आवाजाची सवय झाली असेल. भरलेले पोते पाहून समाधान मानू नका. जे पोत्यात आले नाही ते कुठे गेले, हे उन्हात धरून बघा, आणि त्याच दिवशी उठा. माझ्या अंगावरची धूळ पुसायला कुणी आले नाही तरी चालेल. मी बिडाचा आहे, मला खोकला येत नाही.