नदीवरून ओढलेली रेघ

ग्रिलवर तडतडणारे सॉसेज. एक गंजकी किटली. गॅरेजातल्या टीव्हीवर देशाचा नकाशा, नदीवरून ओढलेली लाल रेघ.

दर नोव्हेंबरात नदीच्या दोन काठांवरची कॉलेजं फुटबॉल खेळत आणि जिंकणारं ती किटली नेई. आता लीगने पश्चिम समुद्रकाठची चार कॉलेजं आत घेतली होती आणि या दोघांना वेगवेगळ्या विभागांत टाकलं होतं; त्यांचा सामना यापुढे सहा वर्षांतून एकदाच होणार होता.

"वहिनी, तुम्ही पश्चिम, आम्ही पूर्व," व्हर्नाचा नदीपलीकडचा दीर डेल्बर्ट म्हणाला. "आता सहा वर्षांनी भेटू!"

"दात काढू नका भावजी, किळस येते," व्हर्ना म्हणाली. "आमच्या पोरांनी खेळायला कॅलिफोर्निया गाठायचं?"

"माझ्यावर कशाला ओरडताय? मतदानात तुमच्याच कॉलेजच्या अध्यक्षांनी हात वर केलाय."

व्हर्नाने अंगातला कॉलेजचा स्वेटर काढला आणि त्यानेच ग्रिलखालची सांडलेली चरबी पुसली.

फार पूर्वी, या दोन कॉलेजांच्या पहिल्या सामन्याला पाहुणा संघ गोठलेली नदी चालत ओलांडून आला होता.