लव्हाळ्यांकडे जाणारा बाण

“आधी काय बिघडलं ते काढ. उपाय कुठे पळून जात नाहीत.”

तळ्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या वरिष्ठ बाईंचा हा आवाज वहिनींच्या कानात अधूनमधून वाजायचा, आणि नेमका उशिरा. वनस्पती हा वहिनींचा विषय; पण सख्खे दीर त्याच कार्यालयात इंजिनिअर, म्हणून त्या सगळ्यांच्याच वहिनी. तळ्याकाठची पाणथळ जागा पुन्हा जिवंत करायला त्यांनी दोनदा लव्हाळी लावली, दोनदा ती कुजली. आता तिसऱ्यांदा कुजली, तर तिथे भराव टाकून गाड्या उभ्या करायचं वर ठरलं होतं. म्हणून लावणीआधी सगळ्यांनी मिळून फळ्यावर चित्र काढायला घेतलं: कशामुळे काय होतं, ते चौकटींत आणि बाणांनी.

चित्र कसलं, घरच्या समारंभाचा फोटोच तो. जो तो मधोमध. पक्षीवाल्यांची बदकं ऐसपैस बसली. तळ्याचं पाणी अडवणाऱ्या बांधाचं दार इंजिनिअर भावजींच्या ताब्यात. त्यांनी ते एवढं मोठं काढलं, की तळ्याला जेमतेम कोपरा उरला.

“भावजी, तळ्यालाही जरा सरकून जागा द्या,” वहिनी हळूच म्हणाल्या.

“तुमच्या लव्हाळ्यांचं बघा. सगळे बाण तिथे येतायत, बाहेर एकही जात नाही. जावईबापू बसलेत जणू.”

खोली हसली. वहिनीही हसल्या आणि हसता हसता थबकल्या. फडकं घेऊन त्यांनी आधी स्वतःची चौकट पुसली आणि तिथे लिहिलं: मुळं कुजतात. मग तिथून बाणांच्या उलट दिशेने मागे मागे गेल्या. कोवळ्या मुळांवर पाणी साचतं. साचतं कारण दार बंद. बंद कारण होड्यांना खोल पाणी लागतं. आणि आपण मात्र दोन्ही वेळा खत वाढवत बसलो! त्यांचे कान तापले.

भावजींची थट्टा विरली. दार वीतभर उघडं ठेवता येईल, होडीवाल्यांची समजूतही ते घालतील. पण फटीत रोज कचरा अडकणार आणि तो काढायला माणूस नाही, असं त्यांनी सांगितलं. सगळे छताकडे बघू लागले.

“मुळं धरेपर्यंत रोज सकाळी मी काढीन.”

“वहिनी, चहा पोटात गेल्याशिवाय तुम्ही दादालासुद्धा ओळखत नाही.”

“कचरा ओळखीन.”

लावणी झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताना घर अजून झोपेत होतं. वहिनींनी देवापुढे हात जोडले, रबरी बूट हातात घेतले, कचरा ओढायचं दाताळं कुठे आपटू न देता उचललं, दार अलगद ओढून घेतलं आणि त्या बांधाच्या वाटेला लागल्या.