चार मीटर एकवीस

"सर, मुलींचा डोळा दुर्बिणीला लागला तर काच फुटती का हो?"

प्रश्न तनुजाचा नव्हता. म्हणजे तोंड तिचंच होतं, पण प्रश्न तिच्या मैत्रिणींनी, शालू आणि श्रेयानं, बसमध्ये शिजवला होता. शहराची छावणी मागं पडेपर्यंत दोघी तिच्या कानाशी भुणभुणत होत्या, "विचारलंस तर दोन प्लेट समोसे. नाय विचारलंस तर वर्षभर आमच्या ड्रॉइंगशीट तू काढायच्या." शीट काढत बसण्यापेक्षा इज्जत गेलेली परवडली. म्हणून दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी, सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाच्या साठ जणांसमोर, सर्व्हे कॅम्पच्या पहिल्याच सकाळी तिनं हात वर केला आणि विचारून टाकलं.

पोरं फिदीफिदी हसली. काकडे सरांनाही हसू आलं.

"काच काही फुटत नाही. पण या पोरांचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत नाचल्यासारखं. मुलींचं मला वाचता तरी येतं. तू वही धर."

झालं! समोसेही मिळाले आणि वहीही. वर्गात अकरा मुली होत्या आणि अकराही जणींच्या मांडीवर वही होती. तनुजाच्या गटात दुर्बिणीपाशी सत्यम, पट्टी धरायला सम्यक आणि दगडावर पेन घेऊन ही.

काम तसं सोपं. एका दगडाची उंची माहीत असते. तिथून निघायचं, तीन पायांवरच्या दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा बघायचा, वहीत मांडायचा, पुढं सरकायचं. असं करत गावाला वळसा घालून परत त्याच दगडापाशी यायचं. हिशेब केला की उंची जेवढी होती तेवढीच भरायला हवी. पण भरत नाही. दहा-पंधरा मिलीमीटर इकडंतिकडं होतातच. ऊन असतं, वारा असतो, माणूस असतो.

निम्मा वळसा झाला आणि जेवणाची सुट्टी झाली. जेवणानंतर सत्यम आणि सम्यक पेरूच्या झाडाखाली जे आडवे झाले ते उठायचं नाव घेईनात.

"ए तनुजा, लिही. एक पंचेचाळीस."

"लिही काय? दुर्बीण पेटीत आहे तुझी."

"मला इथनं दिसतंय ना यार. लिही, दोन दहा." तोंडात पेरू, त्यामुळं दोन दहा हे 'दोम धा' असं ऐकू आलं.

"सत्यम, हे बरोबर नाय हां."

"तुला कुठं उन्हात उभं राहायचंय? सावलीत बसून नुसतं लिहायचंय. ऐश कर की!"

आणि तनुजानं लिहिलं. हे पुढं तिला कितीही खुपलं तरी खरं तेच होतं. तिनं लिहिलं. एवढंच नाही, तर उरलेला हिशेबही तिनंच जुळवला. गणितात ती वाघीण होती. शेवटचा एक आकडा असा काही बसवला की फरक आला शून्य. अगदी गोल, गुबगुबीत शून्य! त्याच्याखाली तिनं दोन रेघा मारल्या आणि बाकीच्या गटांचे बारा, नऊ, पंधरा मिलीमीटर बघून मनातल्या मनात हसली.

शुक्रवारी सरांनी वही उघडली. शून्याकडं बघितलं. मग बोट वरवर नेत एका ओळीवर थांबवलं.

"सत्यम, आपली पट्टी केवढी?"

"चार मीटर, सर."

"इथं आकडा आहे चार मीटर एकवीस. वरचे एकवीस सेंटीमीटर कुणी डोक्यावर धरले होते?"

तो आकडा तनुजाचाच होता, शून्य आणण्यासाठी बसवलेला.

"लिहिण्यात चूक झाली असंल, सर," सत्यम पटकन म्हणाला. "आम्ही घेतलं ते बरोबर घेतलं. वही तनुजाकडं होती."

सम्यकनं मान हलवली. सरांनी तिच्याकडं बघितलं. पानावर पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचं अक्षर होतं. ते सुंदर, गोल, वाचता येणारं अक्षर!

"ठीक आहे," सर म्हणाले. "तसं लिहून द्या. मोजणी प्रत्यक्ष केली, लिहिताना चूक झाली. तिघांच्या सह्या. सोमवारी टेबलावर पाहिजे. नाहीतर मोजून आणा परत. कुणीही आणा, मला खरे आकडे पाहिजेत."

सत्यमनं उभ्या उभ्या कागद लिहिला. त्याची सही झाली, सम्यकची झाली. तिसरी जागा रिकामी ठेवून कागद तिच्या वहीत सारला. "कर गं, भाव नको खाऊ. तिघांचंही अडंल."

पडेगावच्या घरी आली तर तिथंही तेच. ती ज्या दिवाणावर झोपायची त्याच्यामागं, भिंतीला टेकून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला बोर्ड उभा होता. तिला ॲडमिशन मिळाली त्याच आठवड्यात आप्पांनी तो रंगवून आणला होता. 'औताडे कन्स्ट्रक्शन. इंजि. तनुजा आप्पासाहेब औताडे.' डिग्रीला अजून अडीच वर्षं, पण बोर्डावर ती कधीच इंजिनिअर झाली होती. कूस बदलली की प्लॅस्टिक कुरकुरायचं. रविवारी नाक्यावरचं ऑफिस उघडायचं होतं, पाहुणे यायचे होते आणि बोर्ड चढायचा होता.

"तनू, ये इकडं," आप्पांनी हाक मारली. समोर कोरा कागद. "सही करून दाखव. मागच्या येळेला लई बारकी केली होतीस. जरा लांब कर, शेपूट काढ. शिक्क्यावर शोभली पाहिजे."

"आप्पा, बांधकाम कोण बघणार?"

"गोकुळ हाय की." तिचा मोठा भाऊ गोकुळदादा बारावीलाच कॉलेजला रामराम ठोकून काँक्रीटच्या मिक्सरमागं फिरायला लागला होता. "तू कशाला उन्हात करपतीस? घरी बसायचं आन् तो आणंल त्या कागदावर सही ठोकायची. दुसऱ्याच्या पोरीला मिळतं का असलं?"

सावलीत बसून नुसतं लिहायचंय. ऐश कर. तोच सूर! फक्त तोंडात पेरू नव्हता.

तनुजानं पेन उचललं. 'त'ची उभी रेघ ओढली आणि हात तिथंच अडकला. दादा चांगला होता, पण घाई झाली की तोही झाडाखालून आकडे सांगणारच. तिच्या डोळ्यांसमोर तिसरा मजला आला, चौथा आला, त्यात राहायला आलेली माणसं आली, आणि सगळ्यांच्या खाली शेपूटवाली लांब सही. तेव्हाही कुणीतरी उभ्या उभ्या म्हणेल, कागद तनुजाकडं होता.

ती उठून गच्चीवर गेली. आधी शालूला फोन लावला. मग काकडे सरांना.

"सर, उद्या लॅबमधून दुर्बीण मिळेल का? रविवारी परत मोजायचंय. पट्टी शालू धरणार आहे."

"आणि बघणार कोण?"

"मी."

"काच फुटली तर भरून द्यावी लागेल," सर म्हणाले. मग म्हणाले, "सकाळी दहाला ये. पेटी जड असते, दोघी या."

ती खाली आली. आई ताटं वाढत होती. आप्पा अजून त्या अर्ध्या 'त'कडं बघत होते.

"आप्पा, आई, ऐका. रविवारी मी ऑफिसला येणार नाय. दौलताबादला चाललेय."

"आगं, पाहुणे यायलेत!" आईचा भाताचा डाव हवेतच राहिला. "तुझ्याच नावाचं ऑफिस हाय ना?"

"म्हणूनच. कॉलेजात मी न बघितलेले आकडे लिहिले, आई. पोरांनी सांगितले, मी लिहिले. वर शून्य आणून शायनिंग मारली. आता ते माझ्याच गळ्यात आलंय. चूक माझी हाय, तर मोजून मीच आणणार."

"ते कॉलेजचं झालं," आप्पा म्हणाले. "बोर्डाचा काय संबंध?"

तनुजानं पेनाला टोपण लावलं.

"बोर्डावरचं माझं नाव झाकून लावा. डिग्री झाली की मी साइटवर जाणार, स्वतः मोजणार, आणि जे बघितलं त्याच्यावरच सही करणार. दादानं आणलं म्हणून नाय, तुम्ही म्हणलात म्हणूनसुद्धा नाय. हे मी आजच सांगून ठेवते."