बोटभर जास्त

"ही कात्री आत नेता येणार नाही," पहारेकरीण म्हणाली.

"कागद कापायची आहे हो. हिने धड कागदही कापला जात नाही," मुलीची आई म्हणाली.

"मग इथे राहिली तर काय बिघडलं?"

मुलीच्या दप्तरातून निघालेली लाल मुठीची कात्री ट्रेमध्ये जाऊन पडली. डोळ्यांवर आलेले केस मुलीने फुंकरीने वर उडवले. ते पुन्हा जागेवर आले. तिच्या डोक्याला आजवर वडिलांखेरीज कुणाची कात्री लागली नव्हती, आणि ते घरी आल्याशिवाय केस कापायचे नाहीत, असा तिचा हट्ट होता. ते येत नाहीत तर कात्रीच त्यांच्याकडे न्यायची, असे तिने आपल्या मनाने ठरवले होते.

तिच्या बाबाचे दोन खुर्च्यांचे सलून होते. एका संध्याकाळी दारूच्या भरात तो गिऱ्हाइकाशी भांडला, ठोसा मारला आणि त्या माणसाचा एक कान कायमचा बधिर झाला. शिक्षा झाली, ती त्याने मुकाट्याने भोगली. सुटकेच्या दिवशी बायको इस्त्रीचा शर्ट घेऊन तुरुंगाच्या दाराशी उभी होती. त्याला मागच्या दाराने थेट, देशाबाहेर काढायच्या लोकांना डांबतात त्या या इमारतीत आणले गेले. गुन्हा शाबीत झालेल्या परक्या माणसाचा व्हिसा रद्द होतो, असा इथला कायदा. आणि कागदोपत्री तो परकाच होता. लहानपणी आईचे बोट धरून या देशात आलेला, इथेच शिकलेला, "मला कोण हाकलतंय?" म्हणत नागरिकत्वाचा अर्ज दर वर्षी पुढे ढकलणारा. लग्न करून मागाहून आलेल्या बायकोने मात्र मुदत भरताच अर्ज केला. ती इथली झाली. तो राहून गेला.

इथून बाहेर पडायच्या वाटा दोनच. एक, अपील जिंकायचे. त्याला किती काळ लागेल ते वकीलही सांगत नव्हता, आणि तोवर मुक्काम इथेच. दुसरी, आपणहून देश सोडतो म्हणून सही करायची. मग थोड्याच दिवसांत विमान, आणि परतायची वाट कायमची बंद.

भेटीच्या खोलीतली टेबले जमिनीला ठोकलेली होती. तो आला तो डोक्याचा गोटा करूनच.

"बाबा, टकलू!" मुलगी ओरडली.

"आत सगळ्यांची हीच स्टाइल. मशीन माझ्याच हातात देतात. एकही गिऱ्हाईक तक्रार करत नाही बघ. करून जाणार कुठे?"

बायको हसली नाही. "वकील म्हणाले, अजून आशा आहे."

"मागच्या वेळीही म्हणाले होते." त्याने मुलीला पाठमोरी उभी केली आणि तिच्या केसांत बोटे घातली. "काय जंगल माजलंय! बघ गं, हे ओले असतानाच कापायचे. आधी मागचे. मान खाली, हनुवटी छातीला."

"मला कशाला सांगताय?"

"दोन बोटांत बट धरायची, अशी. बोटांच्या खाली कापायचं. आणि बोटभर जास्तच ठेवायचे. वाळले की वर चढतात."

"आई कापणार?" खाली मान घातलेल्या मुलीने विचारले. "आणि तू?"

"मी फोनवर बघेन. चुकली की ओरडेन."

बायकोला कळले. "सही करायची ठरवलीय," ती म्हणाली. तो बटा सारख्या करत राहिला. "कोण आहे तिकडे तुझं? एक आत्या, तीही तुला ओळखणार नाही! आणि आम्ही? आम्ही काय करायचं, सांग ना!"

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा 'तू' म्हणालीस," तो म्हणाला. "जरा आधी म्हणायला हवं होतंस."

"विषय बदलू नका."

"इथे राहिलो तर ती असंच माझ्याकडे येत मोठी होईल. दर वेळी दप्तर उघडून दाखवत." तो हळू बोलत होता. "मला आता सकाळी उठावंसंही वाटत नाही गं. हात दे इकडे."

तिने दिला. ती इस्पितळात रक्ताचे नमुने घेई; तान्ह्या बाळाची शीरही तिला पहिल्या टोचणीत सापडायची. त्याने तिची दोन बोटे सरळ करून मुलीच्या मानेशी बटेवर टेकवली आणि मिटवली.

"घट्ट नाही. ओढलं तर तिला दुखतं. नुसती धर. हात थरथरला तर थांबायचं."

"माझा हात थरथरत नाही," ती म्हणाली. तो थरथरत होता. मग दोघेही थांबली. मुलगी हनुवटी छातीला लावून, जराही न हलता उभी होती. वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत ती तशीच राहिली.

फाटकाशी पहारेकरणीने ट्रे पुढे सरकवला. "घ्या तुमची कात्री."

बायकोने ती डाव्या हाताने उचलली. उजव्या हाताची दोन बोटे त्याने मिटवली होती तशीच होती.