मागच्या सीटवरचे सर

मोटार ट्रेनिंग स्कूलचे सर इतके प्रेरणादायी होते, की त्यांच्याकडे शिकायला आलेला माणूस सहसा गाडी शिकत नसे. पहिल्याच दिवशी, सीटबेल्ट लावता लावता, ते विचारायचे, "स्वप्न काय आहे तुमचं? अगदी खरं सांगा." दातांचा एक डॉक्टर तिसऱ्या गिअरमध्ये ढसाढसा रडला आणि दवाखान्याला कुलूप ठोकून बासरी शिकायला गेला. बँकेतला एक कारकून आता आकाशात फुगे उडवतो, माणसं बसतात तसले. दोघंही सुखी आहेत आणि दोघंही बसने फिरतात. स्कूलचा मालक कपाळावर हात मारून घ्यायचा. पण करतो काय? सर त्याचे सख्खे मेहुणे होते.

वहिनीलाही त्यांनी तेच विचारलं. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. गल्लीतले सगळे तिला वहिनी म्हणत. ऐकून ऐकून तिची सासूसुद्धा.

"मला शववाहिका चालवायचीय," वहिनी म्हणाली.

सरांनी सीटबेल्ट अर्ध्यावरच सोडला. "म्हणजे, एक प्रतीक म्हणून?"

"नाही हो. इस्पितळाची. तिचा ड्रायव्हर निवृत्त होतोय. लायसन्स आणलं तर जागा मला, नाहीतर बाहेरचा माणूस घेणार. मोठ्या साहेबांनी स्वच्छ सांगितलंय."

"पण शववाहिकाच का?"

"घरी मी साधी भाजी चिरायला घेतली तरी पाठीशी तिघं उभे. सासूबाई म्हणतात बारीक चीर, नणंद म्हणते जाड ठेव, हे म्हणतात आज भाजीच नको. त्या गाडीत मागचा माणूस काही सांगत नाही, सर."

ज्या स्वप्नासाठी खरोखर गाडी चालवता यावी लागते, असं स्वप्न सरांसमोर पहिल्यांदाच आलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी मालकाकडून रिव्हर्सचे नियम मागून नेले आणि घरी बसून वाचले.

शिकवणी जोरात सुरू झाली. "क्लच दाबा, आरसा बघा, मन मोठं ठेवा, उजवीकडे नको!" सर अखंड बोलत. शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता. वहिनीची प्रगती बघता बघता डोळ्यांत भरू लागली. चढावर गाडी मागे येत नव्हती, वळणावर हिसका बसत नव्हता.

एका सकाळी तिच्या मनात पाल चुकचुकली. कोपरा जवळ आला तसे तिने दोन्ही पाय उचलून अधांतरी धरले. गाडी झकास थांबली.

"सर, गाडी तुम्ही चालवताय."

"मी? मी फक्त आधार देतो."

"सासूबाईही हेच म्हणतात."

सरांच्या हे जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी गोदामांच्या रिकाम्या रस्त्यावर ते पुढचं दार उघडून बसलेच नाहीत. मागच्या सीटवर आडवे झाले, पाय दुमडून, हात छातीवर ठेवून.

"बरं वाटत नाहीये का, सर?"

"आज मी प्रेत आहे. घ्या गाडी."

"अहो, कुणी बघितलं तर काय सांगू?"

प्रेताने उत्तर दिलं नाही. वहिनीने गाडी काढली. पहिल्या वळणाला तिने फुटपाथ चाटला, तरी मागे शांतता. चढाच्या मध्यावर इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरू लागली. मागून फर्निचरचा टेम्पो हॉर्न वाजवत येत होता.

"सर! ब्रेक!"

सर मेलेले होते. वहिनीने शिवी हासडली, कोणाला ते तिलाही कळलं नाही, आणि हँडब्रेक खेचला. इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच अर्ध्यावर. गाडी कण्हत कण्हत चढ चढली. वर पोचताच तिने ती दोन ट्रकांच्या मधे नीट लावली, मागे वळली आणि सरांच्या नाकाशी बोट धरलं.

"श्वास चालू आहे," सर डोळे न उघडता म्हणाले. त्यांच्या शर्टाची दोन बटणं त्यांच्याच मुठीत होती.

परीक्षेला शेजारी आरटीओचे साहेब बसले, सर मागच्या सीटवर. चढावर इंजिन पुन्हा बंद पडलं. वहिनीने कोणाकडेही बघितलं नाही. हँडब्रेक, गिअर, क्लच. साहेबांनी जांभई दिली आणि पास केलं.

परतताना सरांनी पुढची सीट मागितली. पाय त्यांनी मांडी घालून वर घेतले होते. तोंडाचं मात्र काही करता येत नव्हतं.

"पुढे वळण आहे, वहिनी. गिअर बदला."

"मघाशीच बदलला, सर."