नील, राहणार वरीलप्रमाणे

पपांना माती दिल्याच्या अकराव्या दिवशी त्यांच्या नावाचा सरकारी लखोटा आला.

"आपण दहशतवादी नील यास फितुरीने पळू दिले, असा या कचेरीचा समज झाला आहे. आठ दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा. खुलासा न आल्यास समज कायम करण्यात येईल."

मी पत्र दोनदा वाचलं. पपा, म्हणजे बॅप्टिस्ट मिरांडा, एकतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झाले होते. त्या एकतीस वर्षांत त्यांच्या हातून आंब्याची एक करंडी चुकीच्या स्टेशनला गेली होती आणि ती गोष्ट ते स्वतःहून सगळ्यांना सांगत. अशा माणसाच्या नावापुढे आता 'फितूर' कायम होणार होतं. खोडायला घरात मी एकटीच उरले होते.

नील नावाचा कोणी माणूस नव्हता, हे आधी सांगायला हवं.

आदल्या वर्षी, पंचावन्न साली, गोव्याच्या सरहद्दीवर सत्याग्रहींवर पोर्तुगिजांच्या गोळ्या चालल्या. त्यानंतर मुंबईच्या पाण्याचे नळ, पूल, तारा कोणी उडवून देईल अशी धास्ती सरकारला वाटू लागली. पोलीस पुरेनात, म्हणून निवडक लोकांना 'अधिकृत नागरिक' नेमायची योजना निघाली. अधिकृत नागरिकाने आपल्या हद्दीत दहशतवादी शोधायचा, अडवायचा, आणि जमलं तर पकडायचा. आमच्या मरोळच्या पाखाडीत, म्हणजे वाडीत, सगळे मिरांडा, परेरा, फरेरा. पोर्तुगिजांनी चारशे वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांना बाटवून ही आडनावं दिली. पूर्वजांनी ती घेतली आणि ते पुन्हा भात लावायला गेले. पण कचेरीत कोणाला तरी वाटलं, पोर्तुगिजांचा माणूस ओळखायचा तर पोर्तुगीज आडनावाचाच माणूस हवा. काट्याने काटा काढावा.

पपांना एक खाकी दंडपट्टी, एक दंडुका, एक शिटी आणि बेचाळीस नियम मिळाले. गावामागून पाण्याचा मोठा नळ जातो, तो त्यांच्या हवाली झाला.

शेजारचे क्लेमेंट अंकल त्या संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. दारूबंदीच्या त्या दिवसांत ते शेतात काय गाळत हे गावाला माहीत होतं.

"बॅप्टिस्ट, तू अधिकृत. मग आम्ही काय, अनधिकृत नागरिक?"

"तू तर आहेसच," पपा म्हणाले. "पण नियमांत दहशतवादीच लिहिलंय. दारू नाही लिहिलेली."

"उपकार झाले. पण मला सांग, हे तुझं काम आहे का रे? पोलीस पगार घेतात ना?"

"पोलीस अंधेरीला. गावात परका माणूस शिरला तर आधी कळणार कोणाला? त्यांना का आपल्याला?"

"कळलं, मान्य. पण हातात दंडुका आला ना, की प्रत्येक परका दहशतवादीच दिसायला लागतो. आणि दहशतवादी कोण, हे ठरवणार कोण? बेचाळीस साली तारा तोडणारा तो मास्तर, गोरे त्याला हेच म्हणायचे. त्याला तीन दिवस पेंढ्यात लपवला कोणी?"

"तो मला ठाऊक होता."

"तेच म्हणतोय मी, यार. ठाऊक असलेला माणूस कधी दहशतवादी नसतोच."

पपांनी यावर बराच विचार केला. मग उठून शिटी धुतली.

पहिल्या महिन्यात त्यांनी कल्हईवाल्याला अडवलं, नंतर म्हशी तपासायला आलेल्या डॉक्टरला, नंतर चर्चमध्ये बदलून आलेल्या नव्या फादरना. फादरनी त्यांना आशीर्वाद दिला, तो त्यांनी 'मिळालेली माहिती' या सदरात नोंदवला. नववा नियम असा होता की, शिटी चालू स्थितीत आहे याची रोज दुपारी चार वाजता वाजवून खात्री करावी. पपा नळाजवळ जाऊन चारला शिटी वाजवत. आठ दिवसांत सगळी पाखाडी त्यावर चालू लागली. समोरची ल्युसी शिटी ऐकली की चहाचं आधण ठेवायची.

महिनाअखेर अहवाल होता. त्यात रकाना होता, 'आढळलेल्या दहशतवाद्याचे नाव'. पार्सल ऑफिसात पपा एकच धर्म शिकले होते: रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे उघडं दार, मागाहून कोणीही काहीही आत सोडील. त्यांनी इंग्रजी मोठ्या अक्षरांत एन, आय, एल लिहिलं. 'निल', म्हणजे काही नाही. पुढच्या 'पत्ता' या रकान्यात लिहिलं, वरीलप्रमाणे.

कचेरीचा कारभार नुकताच मराठीत आला होता. हेडक्लार्क श्यामकांत यांना येतील ते इंग्रजी कागद मराठीत उतरवून घ्यायचा हुकूम होता. फ्रेडी, क्लेमेंट, बॅप्टिस्ट असल्या नावांच्या गावातून आलेला तो कागद त्यांनी उतरवून घेतला, आणि 'निल'चा नील झाला. आठवड्याने पपांना उत्तर आलं. "अभिनंदन. नील, राहणार वरीलप्रमाणे, यावर नजर ठेवावी."

पपा कोट घालून अंधेरीला गेले. परतले तेव्हा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"नोंद झालेलं नाव खोडता येत नाही म्हणाले. नील नसल्याचा दाखला आणा."

"असा दाखला कोण देतं?"

"बघतो."

फादरनी दिला. नील नावाच्या कोणाचाही या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला नाही, असं त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहिलं. कचेरीने तो फाइलला लावला आणि कळवलं की, सदर नील बाहेरून आलेला असल्याचे आता सिद्ध झाले आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात पपांनी पुन्हा तेच लिहिलं. रिकामा ठेवणं त्यांना जमेना आणि खोटं नाव घालणं तर शक्यच नव्हतं. कचेरीकडून विचारणा आली: नील दरमहा आढळतो, तर पकडला का जात नाही?

"मराठीत लिहा ना पपा," मी म्हटलं. "कोणी नाही, असं लिहा."

ही सूचना माझी होती. चौथ्या महिन्यात त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'कोणी नाही'. त्यावर श्यामकांतांनी शेरा मारला की, गेल्या महिन्यापर्यंत नील होता, या महिन्यात कोणी नाही, त्या अर्थी नील फरार. फरार होऊ कोणी दिला?

क्लेमेंट अंकल हसून हसून ओट्यावरून पडायला आले. "वाट लागली रे तुझी! मला देऊन टाक ना. सांग, हाच नील. चार दिवस तुरुंगात जेवून येतो."

"तू क्लेमेंट आहेस," पपा म्हणाले. त्यांना हसू आलं नाही. त्या दिवसापासून ते नळावर जास्त वेळ थांबू लागले. नसलेला माणूस आपण पळू दिला नाही, हे कसं दाखवावं याचा ते विचार करत असावेत.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी चारची शिटी झाली. मी खिडकीशी पुस्तक वाचत होते. दहा मिनिटांनी शिटी पुन्हा वाजली, लांब. मग आणखी एकदा, तुटक. मला वाटलं, आतला मणी अडकला असेल, पपा दुरुस्त करत असतील. प्रकरणाची तीन पानं राहिली होती. ती मी वाचून संपवली.

साडेपाचला क्लेमेंट अंकलना ते नळाला टेकून बसलेले दिसले. दंडपट्टी सरळ होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. शिटी पाखाडीत सगळ्यांनी ऐकली होती. ल्युसीने तर दुसऱ्यांदा आधण ठेवलं होतं.

लखोटा घेऊन मी सहाव्या दिवशी कचेरीत गेले. श्यामकांत हे बारीक, नीटनेटके गृहस्थ होते. पपा गेल्याचं ऐकून ते उभे राहिले.

"फार व्यवस्थित अहवाल असायचे त्यांचे," ते म्हणाले. "कधी खाडाखोड नाही."

"त्यांना फितूर म्हणू नका," मी म्हटलं. "माझं एवढंच काम आहे."

"ते माझ्या हातात नाही, बाई. नीलचा ठावठिकाणा लागला तरच समज रद्द होतो. ठावठिकाणा लागला का?"

"नील नाहीच."

"म्हणजे फरार. तेच तर लिहिलंय." त्यांनी कपाटातून एक छापील तक्ता काढला. "हा भरावा लागेल. अधिकृत नागरिक कामावर असताना वारल्यास."

मी भरू लागले. मृताचे नाव. ठिकाण. शिटी वाजविली काय? होय. किती वेळा? तीन. त्याखाली होतं: शिटी ऐकून मदतीस कोण आले?

माझा टाक थांबला.

"रिकामा नका ठेवू," श्यामकांत म्हणाले.

"कोणी आलं नाही."

"'कोणी नाही' लिहू नका. या फाइलीत त्याचा अर्थ नील फरार असा ठरलाय."

"मग मी असं लिहिते की, मी घरी होते. शिटी ऐकली. गेले नाही."

त्यांनी तक्ता आपल्याकडे वळवून नीट पाहिला. "कोण आले, एवढंच विचारलंय. न आलेल्यांसाठी रकाना नाही, बाई." मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमचे वडील असा रकाना आला की काय लिहायचे?"

या माणसाला इंग्रजी किती येत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली. मी पपांसारखी मोठी अक्षरं काढली. एन, आय, एल. ते खरंही होतं.

श्यामकांतांनी टिपकागद दाबला. "कुठून आले ते?"

"वरीलप्रमाणे," मी म्हटलं.

महिन्याने पत्र आलं. "दहशतवादी नील हा अधिकृत नागरिकाची शिटी ऐकून आपण होऊन मदतीस धावून आल्याचे दिसते. सबब तो फरार नव्हता. कै. बॅप्टिस्ट मिरांडा यांच्याविषयीचा फितुरीचा समज रद्द करण्यात येत आहे. नीलचे वर्तन पाहता त्याचा शोधही थांबविण्यात येत आहे. दंडुका, पट्टी व शिटी परत करावी. शिटी चालू स्थितीत असावी."

मी ते क्लेमेंट अंकलना वाचून दाखवलं. ते हसतील असं वाटलं होतं.

"आला तरी एक जण," ते म्हणाले आणि टोपी घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी दंडुका पुसला, पट्टीला इस्त्री केली. शिटी चालू आहे की नाही ते पाहायला हवं होतं. चार वाजता मी नळाजवळ गेले. शिटीला अजून पपांच्या तंबाखूचा वास होता. मी एकदा वाजवली. आवाज चांगला आला, पण मणी थोडा अडकत होता. म्हणून पुन्हा वाजवली, लांब.

पहिले क्लेमेंट अंकल आले, एका पायात चप्पल, हातात गाळणं. त्यांच्यामागे ल्युसी चिमटा घेऊन, तिच्यामागे फरेरांच्या घरातली सगळी माणसं, आणि सर्वांत मागे झगा वर धरून फादर. सगळे भाताच्या बांधांवरून धावत येत होते. धाप लागल्याने कोणाला बोलता येईना.

"कोण आहे? कोण आहे गं एथेल?" क्लेमेंट अंकल नळाच्या खाली वाकून बघू लागले.

"कोणी नाही," मी म्हटलं. "नववा नियम. चालते का ते बघत होते."

"मग आधी सांगायचं ना, पोरी! जीव गेला असता माझा."

"चुकलं, अंकल."

पण परत कोणी गेलं नाही. ल्युसी म्हणाली, घरी आधण उकळून जात असेल, आणि नळाला टेकून खाली बसली.